पोटातल्या बाळाचे हृदय: ठोके ऐकणे वेगळे, घडण पाहणे वेगळे

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. दुपारी दवाखान्यातील गर्दी ओसरत आली असताना एक तरुण जोडपे आत आले, बरोबर मुलाची आई. सून पाच महिन्यांची गरोदर. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट. सुनेला लग्नाआधीपासून मधुमेह आहे, हे मला ठाऊक होते. रिपोर्टच्या शेवटी सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती, 'गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करून घ्यावी.'

मुलगा नि सून काही बोलेनात. बोलल्या त्या सासूबाई. "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा. परवा त्या मशीनवर ठोके ऐकवले की आम्हाला. चांगले टकटक चालले होते. मग परत एवढ्या लांब शहरात जाऊन हृदयाची निराळी सोनोग्राफी कशाला? आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं? आम्हाला पोरं झालीच ना?"

प्रश्न रास्त होता. हाच प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी विचारते. त्यामुळे या आठवड्याचा लेख त्याच विषयावर लिहायचे ठरवले. शिवाय आणखी एक कारण आहे. या प्रश्नाचे उत्तर एकदा मी स्वतः चुकीचे दिलेले आहे. ती हकीकत पुढे सांगतोच.

ठोके म्हणजे सर्व काही नव्हे

घरातील पाण्याच्या पंपाचे उदाहरण घ्या. बटण दाबले की पंप घुरघुरतो. आवाज आला म्हणजे मोटार चालू आहे एवढे कळते. पण पाइप बरोबर जोडले आहेत का, झडप नीट बसली आहे का, टाकीत जायचे पाणी गटारात तर जात नाही ना, हे आवाजावरून कळत नाही. त्यासाठी जोडणी डोळ्यांनी पाहावी लागते.

बाळाच्या हृदयाचेही तसेच आहे. पोटात बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० पडतात. ते तसे पडत असतील तर हृदय चालू आहे आणि त्याची लय ठीक आहे, एवढे समजते. हृदयाचे चार कप्पे व्यवस्थित आहेत का, मधल्या पडद्याला छिद्र आहे का, झडपा उघडतात-मिटतात का, मोठ्या रक्तवाहिन्या योग्य कप्प्यातून निघतात का, हे ठोक्यांवरून कळणे शक्य नाही. गंभीर दोष असलेल्या हृदयाचे ठोकेसुद्धा पोटात अगदी घड्याळासारखे पडत असतात.

जन्मजात दोषांमध्ये हृदयाचे दोष सर्वांत अधिक आढळतात. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साधारण आठ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. यातील पुष्कळ दोष किरकोळ असतात, काही तर आपोआप बरे होतात. परंतु साधारण चौथा-पाचवा हिस्सा गंभीर असतो. अशा बाळाला पहिल्या वर्षातच, कधी पहिल्या आठवड्यातच उपचार लागतात.

पोटात ठणठणीत, बाहेर आल्यावर आजारी असे का?

हे समजण्यासाठी पोटातील बाळाचे रक्ताभिसरण थोडे समजून घेऊ.

हृदयाची घडण फार लवकर सुरू होते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते धडधडू लागते आणि दहाव्या आठवड्यापर्यंत त्याचे कप्पे, पडदे व झडपा मुख्यतः तयार झालेल्या असतात. म्हणजे पाळी चुकली म्हणून बाई खात्री करून घ्यायला दवाखान्यात येते, तोवर हृदयाचे काम बरेच पुढे गेलेले असते.

पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या वारेतून, नाळेच्या वाटेने. फुप्फुसांना तेव्हा फारसे काम नसते, म्हणून निसर्गाने रक्त फुप्फुसांना वळसा घालून नेण्याची सोय केली आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छोटी खिडकी असते. तसेच फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी आणि शरीराकडे जाणारी महारोहिणी यांना जोडणारी एक आखूड नळी असते. आपण तिला जोडनळी म्हणू. बाळ जन्मले, पहिला टाहो फोडला, फुप्फुसे फुलली की या दोन्ही वाटांची गरज संपते. खिडकी मिटू लागते. जोडनळी साधारण एक ते तीन दिवसांत आकसून बंद होते.

निरोगी बाळात हे व्हायलाच हवे. पण समजा, फुप्फुसाकडे जाणारी झडप मुळातच बंद आहे. पोटात असताना या बाळाचे काही अडत नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मल्यावरही एक-दोन दिवस ते दूध पिते, रडते, झोपते. कारण जोडनळीतून उलट्या वाटेने थोडे रक्त फुप्फुसांत पोहोचत असते. तिसऱ्या दिवशी नळी बंद झाली की फुप्फुसांकडे रक्त जाण्याची वाटच संपते. काही तासांत बाळ निळे पडते. घरच्यांना वाटते, काल तर चांगले होते, कोणाची दृष्ट लागली की काय? दृष्ट लागलेली नसते. दोष सात-आठ महिन्यांपासून तेथेच होता, फक्त त्याला झाकणारी वाट आज बंद झाली.

माझी चूक

२००४ साली माझ्याकडे एक गरोदर बाई येत असे. तिच्या पहिल्या मुलाच्या हृदयाला छिद्र होते. ते लहान असल्याने शस्त्रक्रिया लागली नव्हती. दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली, तेव्हा तेथील डॉक्टरांनी शहरात जाऊन बाळाच्या हृदयाची खास तपासणी करून घ्या असे सांगितले. नवरा माझ्याकडे सल्ला विचारायला आला. पेरणीचे दिवस होते, हातात पैसा नव्हता. मी पोटावर नळी ठेवून ठोके ऐकले. छान होते. मी म्हणालो, "ठोके उत्तम आहेत. पहिल्याचेही आपोआप निभावले. एवढ्या खर्चात पडायलाच हवे असे काही नाही."

मी जाऊ नका असे म्हटले नव्हते. पण माझ्या त्या वाक्यानंतर ते गेले नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

बाळंतपण गावातच झाले. बाळ पावणेतीन किलोचे, रडले जोरात. तिसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला की बाळ दूध ओढत नाही. मी जाऊन पाहिले तर ओठ आणि जीभ जांभळी पडलेली. गाडी मिळवून शहर गाठेपर्यंत पाच तास गेले. तेथे इको केल्यावर कळले की फुप्फुसाकडे जाणारी झडप पूर्ण बंद आहे. जोडनळी उघडी ठेवण्याचे औषध सुरू केले, पण बाळाची तोवर फार हानी झाली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्या बापाने मला कधी दोष दिला नाही. आजही रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. पण हे आधी कळले असते, तर बाळंतपण शहरात झाले असते, औषध पहिल्या तासात सुरू झाले असते, आणि बाळाला एक संधी मिळाली असती. ते वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. संधी मिळाली असती, एवढे मात्र नक्की. तेव्हापासून या विषयात 'ठोके चांगले आहेत' हे वाक्य मी उत्तर म्हणून वापरत नाही.

तपासणीत काय पाहतात?

सोनोग्राफी म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली तपासणी. सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त कंपने असलेला आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. या यंत्रातील कंपने दशलक्षांच्या घरात असतात. त्या लहरी आत जाऊन आदळतात, परत येतात आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली या तंत्रावरील आपला प्रसिद्ध निबंध छापला आणि तेथून प्रसूतिशास्त्रात हे यंत्र आले. यात क्ष-किरण नसतात. योग्य कारणासाठी, जाणकार डॉक्टरांनी, गरजेपुरती केलेली ही तपासणी आई आणि बाळ दोघांनाही सुरक्षित मानली जाते.

प्रत्येक गरोदर स्त्रीची १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे पाचव्या महिन्यात, बाळाचे सर्व अवयव पाहणारी सोनोग्राफी व्हावी. तिच्यात हृदयाची प्राथमिक पाहणी येतेच. या वेळी बाळाचे हृदय एखाद्या मोठ्या बोराएवढे असते आणि ते मिनिटाला दीडशे वेळा हलत असते, हे लक्षात घेतले म्हणजे काम किती नाजूक आहे ते कळेल.

प्रथम चार कप्प्यांचे चित्र पाहतात. हृदय छातीच्या डाव्या बाजूला कललेले आहे का, त्याने छातीची साधारण एक तृतीयांश जागा व्यापली आहे का, उजवे व डावे कप्पे जवळजवळ सारखे आहेत का, मधला पडदा अखंड आहे का, हे त्यात दिसते.

पण चार कप्पे दिसले म्हणजे काम संपले असे नव्हे. काही गंभीर दोषांत चारही कप्पे अगदी चांगले दिसतात आणि घोटाळा असतो तो बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्यांत. एका दोषात महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी यांची अदलाबदल झालेली असते. शरीराकडून आलेले अशुद्ध रक्त पुन्हा शरीराकडेच जाते आणि फुप्फुसातून आलेले शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसाकडेच. म्हणून दोन्ही मोठ्या वाहिन्या कोठून निघतात, एकमेकींना ओलांडून जातात का, त्यांची जाडी सारखी आहे का, हे पाहावेच लागते. आपल्या रिपोर्टमध्ये चार कप्प्यांबरोबर या वाहिन्यांचाही उल्लेख आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे गर्भाच्या हृदयाची इको तपासणी. ही बहुधा १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, त्यात विशेष प्रावीण्य मिळवलेले डॉक्टर करतात. यात डॉप्लर तंत्राने रक्ताचा प्रवाह कोणत्या दिशेने व किती वेगाने जातो तेही पाहतात. पडद्यावर लाल-निळे रंग दिसतात. पुष्कळांना वाटते की लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध. तसे नाही. यंत्राच्या दिशेने येणारा प्रवाह सहसा लाल दाखवतात आणि दूर जाणारा निळा. त्यामुळे निळा रंग पाहून घाबरू नये.

तपासणीला अर्धा ते एक तास लागतो. उपाशीपोटी जायचे नसते. मधुमेही बाईने तर मुळीच उपाशी राहू नये. सुई नाही, भूल नाही, दुखत नाही. पोटावर गार जेली लावून त्यावरून यंत्राचा दांडा फिरवतात. बाळ पाठ करून झोपले असेल तर बाईला थोडे फिरून यायला सांगतात, कधी दुसऱ्या दिवशी बोलावतात. त्यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा नसतो. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि आधीचे सर्व रिपोर्ट बरोबर न्यावेत.

ही खास तपासणी कोणी करावी?

पुढीलपैकी काही लागू असेल तर डॉक्टरांशी बोलून ही तपासणी करून घ्यावी. आईला गरोदरपणाच्या आधीपासून मधुमेह असणे. आई, वडील किंवा आधीचे मूल यांपैकी कोणाला जन्मजात हृदयदोष असणे. जवळच्या नात्यात लग्न झालेले असणे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक घरांत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होणे. फिट्सच्या काही गोळ्या, लिथियम किंवा मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन यांसारखी औषधे चालू असणे. आईला ल्युपससारखा संधिवाताच्या जातीचा आजार असणे, कारण त्यात बाळाचे ठोके फार मंद होऊ शकतात. टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहणे. एकाच वारेवर वाढणारी जुळी असणे. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागील पाण्याचा थर जाड दिसणे. दुसऱ्या अवयवात दोष आढळणे. आणि अर्थातच, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हृदयाबद्दल शंका येणे.

यादी वाचून कोणी धास्ती घेऊ नये. आधीच्या एका मुलाला दोष असला तरी पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच असते. म्हणजे शंभरातील सत्त्याण्णव घरी आनंदाची बातमी घेऊनच परततात.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. हृदयदोष घेऊन जन्मणारी बहुसंख्य बाळे अशा मातांची असतात की ज्यांना या यादीतील काहीच लागू नसते. म्हणून 'आमच्या घरात कोणाला नाही' म्हणून पाचव्या महिन्याची सोनोग्राफी टाळू नये. पुष्कळ मुली सातव्या महिन्यात माहेरी आल्यावर पहिल्यांदा सोनोग्राफी करतात. तोवर बाळ मोठे होते, हाडांची सावली पडते, हृदय नीट दिसत नाही, आणि विचार करायला वेळही उरत नाही.

काय दिसत नाही, आणि कशाला घाबरू नये

ही तपासणी चांगली आहे, पण सर्वज्ञ नाही. लहान छिद्रे सुटू शकतात. वरची खिडकी आणि जोडनळी पोटात प्रत्येक बाळाला उघडीच असते, त्यामुळे जन्मानंतर त्या मिटतील की नाही हे आधी सांगता येत नाही. महारोहिणी एका जागी अरुंद असणे हा दोषही पोटात ओळखायला अवघड. आई फार लठ्ठ असेल किंवा गर्भजल कमी असेल तर चित्र धूसर येते. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी जन्मानंतर बाळाला तपासायचे राहतेच.

दुसरीकडे, काही शब्द वाचून उगाच झोप उडते. 'हृदयात चमकदार ठिपका' असे रिपोर्टमध्ये लिहिलेले अनेक जण घेऊन येतात. हृदयातील एका स्नायूत किंचित क्षार साठल्याने असा ठिपका दिसतो. बाकी सर्व तपासण्या ठीक असतील, तर एकट्या ठिपक्याने हृदयाला काही होत नाही. त्याचप्रमाणे मधूनच एखादा ठोका चुकणे हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते आणि आपोआप थांबते. डॉक्टर पुन्हा तपासायला बोलावतील तेव्हा मात्र जावे.

दोष सापडला तर?

प्रथम, कोणता दोष आहे आणि किती गंभीर आहे हे नीट समजून घ्यावे. शक्यतो नवरा-बायको दोघांनी बालहृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. एक वही न्यावी, प्रश्न लिहून न्यावेत. बाळावर केव्हा, किती शस्त्रक्रिया लागतील? त्यानंतर ते कसे जगेल? बाळंतपण कोठे व्हावे? कधी आणखी गुणसूत्रांची तपासणीही सुचवली जाते.

दोष मोडणारा असेल तर सारा उपयोग तयारीचा. २०१७ साली माझ्या एका रुग्ण भगिनीच्या बाळात तोच वाहिन्यांच्या अदलाबदलीचा दोष पाचव्या महिन्यात सापडला. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. पण त्यांनी सल्ला ऐकला. आठव्या महिन्यातच शहरात नातेवाइकांकडे मुक्काम हलवला आणि जेथे लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया होते अशा ठिकाणी बाळंतपण झाले. जोडनळी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध लगेच सुरू झाले आणि दहाव्या दिवशी वाहिन्या जागच्या जागी बसवण्यात आल्या. ब्राझीलमध्ये डॉ. आदिब जातेने यांनी १९७५ साली ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली होती. आज तो मुलगा शाळेत जातो आणि माझ्या दवाखान्यात आला की वजनकाट्यावर उड्या मारतो.

सर्वच दोष असे दुरुस्त होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही इतके गंभीर असतात की आईवडिलांपुढे गर्भ ठेवावा की नाही हा प्रश्न उभा राहतो. २०२१ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, २० ते २४ आठवड्यांपर्यंत कायद्यात सांगितलेल्या परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात फार गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. सासरच्यांनी, शेजाऱ्यांनी किंवा डॉक्टरांनीही तो तिच्यावर लादू नये. विचाराला वेळ मिळावा म्हणून तरी तपासणी वेळेवर व्हावी.

पैशाची चिंता मोठी असते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. कोणती कागदपत्रे लागतात आणि कोणते रुग्णालय योजनेत आहे, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात बाळंतपणाच्या आधीच करून ठेवावी. ऐन वेळी शिधापत्रिका शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

आणखी एक. दोष सापडला की घरात पहिले बोट सुनेकडे जाते. ग्रहणात सुरी हातात घेतली, पपई खाल्ली, पायगुण वाईट. हे सर्व निराधार आहे. बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. ज्या बाईला त्या दिवसांत सर्वांत जास्त आधार हवा असतो, तिलाच बोलणी बसतात हे मी अनेकदा पाहिले आहे. हे थांबले पाहिजे.

आणि मुलगा की मुलगी हे विचारू नका. महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली याविरुद्ध कायदा केला. लिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे. यंत्र बाळाचे हृदय पाहण्यासाठी आहे.

आधीच घ्यायची काळजी

मधुमेह असलेल्या बाईने दिवस जाण्याआधीच साखर आटोक्यात आणावी, कारण हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडते. मुलीला लहानपणी गोवर-रुबेलाची लस दिली आहे का ते पाहावे. दिली नसेल तर लग्नाआधी घ्यावी आणि त्यानंतर निदान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासून सुरू करावी. फिट्सच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, त्यात जिवाला धोका आहे. डॉक्टर बदलून देतील. कंबर दुखते म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नये. शेवटच्या तीन महिन्यांत अशा गोळ्यांनी बाळाची जोडनळी पोटातच आकसू शकते.

जन्मानंतर २४ तास झाले की बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण पाहायला सांगावे. ते ९५ किंवा त्याहून अधिक असावे आणि हातापायात ३ पेक्षा जास्त फरक नसावा. करोनाच्या काळात हे छोटे यंत्र घरोघरी पोहोचले. बाळासाठी मात्र लहान मुलांचा वेगळा पट्टा लागतो, मोठ्यांचे बोटाला लावायचे यंत्र चालत नाही. घरी आल्यावर बाळाची जीभ किंवा ओठ निळे दिसले, दूध पिताना ते दमले, कपाळावर घाम आला, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, किंवा वजन वाढेना, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. नुसते हातपाय थंडीने निळसर होतात, त्याची भीती नाही. जीभ पाहावी.

त्या दिवशी सासूबाईंना मी एवढे सगळे सांगितले नाही. २००४ सालची हकीकत तेवढी सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मुलाला म्हणाल्या, "गुरुवारी गाडी बघ."

ते तिघे शहरात जाऊन आले. बाळाच्या हृदयाची घडण चांगली आहे. मधुमेहाने हृदयाची भिंत पुढे जाड होऊ शकते, म्हणून आठव्या महिन्यात पुन्हा एकदा पाहायचे आहे आणि साखर सांभाळायची आहे. सासूबाई रिपोर्ट दाखवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पैसे गेले, पण झोप लागली."

निष्पन्न काही निघाले नाही म्हणून तपासणी वाया गेली असे समजू नये. आणि काही निघाले, तरी ते जन्माच्या तिसऱ्या रात्री कळण्यापेक्षा पाचव्या महिन्यात कळलेले केव्हाही चांगले. आपल्या घरात कोणी गरोदर असेल तर आठवडे मोजा. अठरावा लागला की डॉक्टरांना आठवण करून द्या.